विज्ञानाचा कट्टा

शास्त्रज्ञाने व्यासपीठावरून खाली उतरून सामान्य नागरिकांच्या बरोबरीने बसावे, आपल्या संशोधनाविषयी थोडेसे बोलावे आणि उरलेला वेळ त्यांच्या प्रश्नांना द्यावा, अशा अनौपचारिक सभेला जगभर ‘सायन्स कॅफे’ म्हणतात. मराठीत तिला ‘विज्ञानकट्टा’ हे नाव शोभून दिसते. कट्ट्यावर अध्यक्ष नसतो आणि प्रवेशपत्रिकाही लागत नाही. उशिरा आलेल्याकडे कोणी वळून पाहत नाही. विज्ञानकट्ट्याची रीतही साधारण अशीच आहे. वक्ता वीस-पंचवीस मिनिटे बोलतो, मग चहासाठी थोडा खंड पडतो आणि त्यानंतर तासभर प्रश्नोत्तरे होतात. चहाचा हा खंड वाटतो तितका किरकोळ नाही. सभेत हात वर करायला कचरणारा माणूस शेजाऱ्याला मात्र आपली शंका सहज बोलून दाखवतो, आणि चहा संपेपर्यंत तिला प्रश्नाचे रूप आलेले असते.

या प्रकाराचे मूळ फ्रान्समध्ये आहे. मार्क सोते या तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये पॅरिसच्या बास्तीय चौकातील एका कॅफेत दर रविवारी सकाळी तत्त्वज्ञानावर खुली चर्चा सुरू केली. इंग्लंडमधील दूरचित्रवाणी निर्माते डंकन डॅलस यांनी तोच साचा विज्ञानासाठी वापरला आणि १९९८ मध्ये लीड्स शहरात पहिला ‘कॅफे सायंटिफिक’ भरवला. फ्रान्समध्येही याच सुमारास विज्ञानाच्या अशा बैठका सुरू झाल्या होत्या. पुढे ही कल्पना युरोप-अमेरिकेत पसरली आणि आफ्रिकेतही गेली. केनियातील कट्ट्यांवर मलेरिया आणि एड्स हे विषय आले, कारण तेथील लोकांच्या मनात तेच प्रश्न होते.

लीड्समधील प्रयोगाच्या काळाला एक पार्श्वभूमी होती. ब्रिटनमध्ये गुरांना होणाऱ्या ‘मॅड काऊ’ रोगाने थैमान घातले होते. हे मांस खाण्यास सुरक्षित आहे, असे सरकार आणि त्याचे सल्लागार वर्षानुवर्षे सांगत राहिले. कृषिमंत्र्यांनी १९९० मध्ये छायाचित्रकारांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर देऊ केला होता. मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला या रोगाचा माणसांतील एका जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असण्याची शक्यता संसदेत मान्य करावी लागली. लोकांचा तज्ज्ञांवरील विश्वास ढासळला. तोवरची अधिकृत समजूत अशी होती, की लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते शंका घेतात. त्यांना माहिती पुरवली की शंका संपतील. ही समजूत अपुरी असून विज्ञानाला समाजाशी दुतर्फी संवाद करावा लागेल, असे ब्रिटिश वरिष्ठ सभागृहाच्या समितीने २००० मधील अहवालात मांडले. कट्ट्याची कल्पना फोफावली ती या हवेत. तिच्याकडे केवळ रविवार सकाळची करमणूक म्हणून पाहता येत नाही, ते यामुळेच.

मुंबईला ही कल्पना सर्वस्वी नवी म्हणता येणार नाही. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. तिच्या सभांत निबंध वाचले जात आणि त्यांवर चर्चा होई. मात्र हे सारे इंग्रजीत चाले. शहरातील बहुसंख्य लोकांना या ज्ञानाचा उपयोग व्हायचा तर ते त्यांच्या भाषेत गेले पाहिजे, हे त्या तरुणांच्या लवकरच ध्यानात आले. त्यातून मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखा ‘उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा’ या नावाने ओळखली गेली आणि व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे अध्यक्ष झाले. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही निघू लागले. याच सोसायटीने चालवलेल्या मुलींच्या शाळांना जगन्नाथ शंकरशेट यांचा आधार मिळाला. विज्ञानाच्या चर्चेला चहापेक्षा भाषा अधिक आवश्यक असते, हे मुंबईकरांना पावणेदोनशे वर्षांपूर्वीच उमगले होते, असे म्हणायला हरकत नाही.

लोकांपुढे विज्ञान मांडण्याची रीत त्या काळी इतरत्रही रुजत होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांच्या पुढाकाराने १८२० च्या दशकात शुक्रवारची सायंव्याख्याने आणि नाताळातील मुलांसाठीची व्याख्याने सुरू झाली होती. कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानसंवर्धनासाठी संस्था काढली, तीही आरंभी सार्वजनिक व्याख्याने आणि प्रात्यक्षिके यांवरच उभी होती. पुढे तिच्याच प्रयोगशाळेत चंद्रशेखर वेंकट रामन यांचे संशोधन झाले.

मराठी मुलखात मात्र सभेचे रूप ठरवले ते व्याख्यानमालेने. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झाली आणि तिचा कित्ता गावोगाव गिरवला गेला. गिरगावच्या चाळींतील गणेशोत्सव, ब्राह्मण सभेसारख्या संस्था, दादरच्या अमर हिंद मंडळाची व्याख्यानमाला यांनी मध्यमवर्गीय मुंबईकराला ऐकण्याची उत्तम सवय लावली. या परंपरेचे ऋण मोठे आहे. तथापि तिची एक मर्यादाही आहे. दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचा परिचय होतो (तो पुष्कळदा पाहुण्यांच्या पहिल्या मुद्द्यापेक्षा लांब असतो), व्याख्यान होते, अध्यक्षीय समारोप होतो आणि शेवटची गाडी गाठायची घाई असताना ‘वेळेअभावी दोनच प्रश्न घेऊ’ अशी घोषणा होते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा असल्याने उत्तराने समाधान झाले नाही तरी पुन्हा विचारण्याची सोय नसते. श्रोता विद्वत्तेने भारावून घरी जातो, पण स्वतःची शंका त्याच्यापाशी तशीच राहते. विज्ञानकट्ट्याने या क्रमाची उलटापालट केली. व्याख्यान ही प्रस्तावना ठरली आणि प्रश्नोत्तरे हा मुख्य कार्यक्रम.

ही उलटापालट किती गरजेची होती, याचे दाखले परळ-लालबाग परिसराच्या इतिहासात आहेत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे निदान झाले. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेणे, घरांची झडती घेणे, सामान जाळणे असे उपाय सुरू झाले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी अफवा कामगारवस्तीत पसरली आणि त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. या हल्ल्याला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु जे उपाय लोकांच्या घरात शिरून केले जात होते, त्यांविषयी त्यांना कोणी काही समजावले नव्हते आणि कोणाला विचारण्याची जागाही नव्हती.

याच साथीत वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवी कैद्यांवर तिची चाचणी झाली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून आगाखान यांनी स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. तिच्या आसपास १९२६ मध्ये केईएम आणि १९४१ मध्ये टाटा स्मारक ही रुग्णालये उभी राहिली. वैद्यकीय संशोधनाची एवढी दाटी देशात फार थोड्या ठिकाणी असेल. लालबागच्या चाळीतून ही सारी ठिकाणे पायी गाठता येतात. तरीही चाळीतील माणसाचा या संस्थांशी संबंध येतो तो प्रामुख्याने रुग्ण म्हणून, आणि केसपेपर हातात धरून रांगेत उभा असलेला माणूस डॉक्टरला ‘हे औषध नेमके करते काय?’ असे सहसा विचारत नाही. अंतर मैलांत मोजायचे तर अगदी थोडे आहे, पण ते मैलांत मोजून भागत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे अंतर तोडण्याचे प्रयत्न मुंबईत अनेक दिशांनी झाले. २४ एप्रिल १९६६ रोजी मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञानाचा मराठीतून प्रसार हा तिचा मूळ हेतू. तिची पत्रिका, अधिवेशने आणि शीव-चुनाभट्टी येथील विज्ञान भवनातील कार्यक्रम यांनी लेखक-वक्त्यांची एक फळी उभी केली. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवले, हा किस्सा मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. वरळीला १९७७ मध्ये नेहरू तारांगण आणि १९८५ मध्ये पूर्ण रूपात नेहरू विज्ञान केंद्र खुले झाले. हॅलेच्या धूमकेतूने त्याच सुमारास हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणले आणि खगोल मंडळासारख्या गटाने वांगणीच्या माळावर रात्री जागवायला सुरुवात केली. दुर्बिणीपाशी रांगेत उभे राहून विचारलेले प्रश्न हा विज्ञानकट्ट्याचाच एक अवतार म्हणावा लागेल. त्यासाठी चटईखेरीज काही लागत नाही.

या साऱ्यांत एका प्रयोगाचा उल्लेख विशेष करायला हवा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. मानखुर्दला जाण्यापूर्वी या केंद्राचे काम नाना चौकातील महापालिका शाळेच्या इमारतीत चालत असे, म्हणजे गिरगावच्या उंबरठ्यावरच. विज्ञानात मागे पडणारी मुले बुद्धीने कमी असतात की पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांची वाट अडवते, हा प्रश्न वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांत तपासून पाहिला. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली तेव्हा वंचित घरांतील मुलांची प्रगती लक्षणीय सुधारली. सार्वजनिक विज्ञानचर्चा भरवणाऱ्या कोणीही हा निष्कर्ष डोळ्यांआड करू नये.

विज्ञानकट्ट्याने मुंबईत आजचे रूप घेतले ते २००९ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘चाय अँड व्हाय?’ हा उपक्रम जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये सुरू केला. भौतिकशास्त्रज्ञ प्रा. अर्णब भट्टाचार्य हे त्याचे प्रमुख सूत्रधार. वास्तविक ही संस्था कुलाब्याच्या टोकाला, संरक्षित क्षेत्रालगत आहे आणि तिच्या फाटकातून सहज आत डोकावण्याची सोय नाही. तेव्हा संशोधकांनीच शहरात यावे, हा यामागचा साधा हिशेब होता. पुढे महिन्याच्या पहिल्या रविवारी पृथ्वी थिएटर आणि तिसऱ्या रविवारी माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय असा क्रम रूढ झाला. वेळ सकाळी अकराची. प्रवेश विनामूल्य आणि नावनोंदणीची अट नाही.

रुपारेलची निवड अर्थपूर्ण होती. माटुंगा रोड स्थानकापासून हे महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे आणि दादर, माहीम, परळ येथून तिथे सहज पोहोचता येते. नाट्यगृहाच्या कॅफेत जायला जो बिचकेल, तो महाविद्यालयाच्या वर्गात निर्धास्त जातो. अशा सभेला शाळकरी मुले आईवडिलांसह येतात आणि निवृत्त अभियंते वही घेऊन येतात. परीक्षेत विचारले जाणार नाही असे काहीतरी ऐकायला महाविद्यालयीन विद्यार्थीही हजेरी लावतात. बोलण्याबरोबर शक्य तितकी प्रात्यक्षिके दाखवायची आणि पडद्यावरील चित्रफितींवर विसंबायचे नाही, असा या प्रकारच्या कार्यक्रमांचा संकेत आहे. समोरची वस्तू उकळली, फुटली किंवा वाजली, की प्रश्न आपोआप येतात.

प्रश्न कसा पुढे सरकतो हे तबल्याच्या उदाहरणावरून समजून घेता येईल. ताणलेल्या साध्या कातड्यावर थाप मारली तर उमटणाऱ्या वेगवेगळ्या कंपनसंख्या एकमेकींच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून साध्या ढोलाचा आवाज सुरेल स्वरासारखा वाटत नाही. तबल्यावर मध्यभागी शाईचा थर असतो. त्या वजनामुळे कंपनसंख्या पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि तारवाद्यासारखा स्वर मिळतो. रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये हे ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. एवढे सांगून वक्ता थांबला, की तबला शिकणारी एखादी मुलगी विचारू शकते, ‘मग डग्ग्याची शाई मध्यावर का नसते?’ आता भौतिकशास्त्रज्ञाला वादनाचे तंत्रही विचारात घ्यावे लागते, कारण मनगटाने कातडे दाबून स्वर खालीवर करायचा तर शाईच्या एका बाजूला मोकळी जागा हवी. अशा वेळी उत्तराचा अर्धा भाग श्रोत्यांतूनच येतो. वक्त्याला ‘हे मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची मुभा असणे, हे तर कट्ट्याचे खरे लक्षण. व्यासपीठावरून हे वाक्य क्वचितच ऐकू येते.

भाषेचा तिढा मात्र पूर्णपणे सुटलेला नाही. देशभरातून आलेले संशोधक, बहुभाषक शहर आणि इंग्रजीत घडलेले विज्ञान, यांमुळे मुंबईतील अशा चर्चा बहुतांशी इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात होतात. मराठीचा वाटा प्रसंगोपात्त असतो. दुसऱ्या बाजूला मराठी विज्ञानप्रसारात पारिभाषिक शब्दांचा आग्रह कधीकधी इतका पक्का असतो, की ‘व्होल्टेज’ म्हटल्यावर समजणारा श्रोता ‘विभवांतर’ म्हटल्यावर गप्प होतो. कट्ट्याची भाषा या दोहोंमध्ये कुठेतरी आहे. घरात, कारखान्यात आणि वायरमनच्या तोंडी जे शब्द आहेत, त्यांनी सुरुवात करावी. नेमका पारिभाषिक शब्द गरज पडेल तेव्हा सांगावा. मराठीतून शिकलेल्या श्रोत्याने प्रश्न विचारण्यापूर्वी मनातल्या मनात त्याचे इंग्रजी भाषांतर करायचे, ही वेळ त्याच्यावर आली तर तो प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. आणि अशा सभेत कोण बोलले यापेक्षा कोण बोलले नाही, याची नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

प्रश्नाला जागा नसेल तर काय होते, ते २१ सप्टेंबर १९९५ रोजी साऱ्या देशाने पाहिले. गणपती दूध पितो, ही वार्ता सकाळीच पसरली आणि मुंबईतही देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातील दूध मूर्तीच्या स्पर्शाने पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते, हे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी दिले. रंगीत दूध वापरून दिल्लीत ते दाखवूनही दिले. स्पष्टीकरण बिनचूक होते. पण ते वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून आले. रांगेतल्या माणसाला चमचा हातात घेऊन ‘मग इतर दिवशी आम्हांला हे का दिसले नाही?’ असे विचारण्याची संधी मिळाली नाही. या प्रश्नाचेही उत्तर सोपे आहे. इतर दिवशी मूर्तीच्या सोंडेशी कोणी चमचा धरून पाहिलेच नव्हते.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने शहर पुन्हा एकदा प्लेगच्या काळासारख्या भीतीत ढकलले. टाळेबंदीत सभा भरवणे अशक्य झाल्याने ‘चाय अँड व्हाय?’ संगणकाच्या पडद्यावर गेले आणि विषाणूसंबंधीच्या शंका तेथे थेट विचारल्या जाऊ लागल्या. साबणाने विषाणू कसा नष्ट होतो, हा प्रश्न त्या दिवसांत घरोघरी होता. विषाणूचे वेष्टन स्निग्ध पदार्थाचे असते आणि साबण तेलकट भांडे जसे साफ करतो तसेच हे वेष्टन फोडतो, हे उत्तर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या कोणालाही पटण्यासारखे आहे. पडद्यामुळे दूरच्या गावातील श्रोता जोडला गेला हे खरे. परंतु ज्याच्या घरी एकच फोन आणि तोही मुलांच्या शाळेसाठी लागत होता, तो या चर्चेतून सुटला.

कट्ट्याकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. चर्चेने धोरण ठरत नाही. एखादा श्रोता सूक्ष्मदर्शकाचा विषय चालू असताना इंधनाविना चालणाऱ्या आपल्या यंत्राचा आराखडा उलगडतो, आणि त्याला न दुखावता थांबवणे हे सूत्रसंचालकाचे कसब. स्वतःच्या क्षेत्राबाहेरील प्रश्नाला तेवढ्याच आत्मविश्वासाने उत्तर देणारे तज्ज्ञही असतात आणि त्यांना थांबवणे त्याहून अवघड. शिवाय सर्व बाजू समान मानण्याची ही जागा नव्हे. लसीमुळे रोग टळतो की नाही हे मतदानाने ठरत नाही, मात्र लसीची भीती वाटणाऱ्याला ती बोलून दाखवण्याचा अधिकार असतो. राज्यघटनेत १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाबरोबरच जिज्ञासू वृत्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या शब्दाची उजळणी दर २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी होते, दुसरा बहुधा राहून जातो.

असा कट्टा भरवायला खर्च फारसा येत नाही. पन्नासएक माणसे दाटीवाटीने मावतील अशी खोली, ध्वनिक्षेपकाविना ऐकू येईल एवढेच अंतर, वक्त्याशी आधी झालेली एक बैठक आणि चहा, एवढी सामग्री पुरते. खुर्च्या रांगेत न मांडता गोलाकार मांडल्या तर श्रोत्यांना एकमेकांचे चेहरे दिसतात. पहिला प्रश्न लहान मुलाला विचारू द्यावा, म्हणजे मोठ्यांचा संकोच निम्मा उतरतो. विषय ठरवताना वक्त्याची सोय पाहण्याऐवजी परिसराचे प्रश्न पाहावेत. परळ-लालबागच्या खोलीत क्षयरोगाचे औषध सहा-सहा महिने का घ्यावे लागते, हे जवळच्याच रुग्णालयातील संशोधक सांगू शकतो. आणि पावसाळ्यात हिंदमाताला पाणी का तुंबते, या प्रश्नावर तर श्रोत्यांपाशीच वक्त्यापेक्षा अधिक वर्षांची निरीक्षणे असतील.